बेचाळीस दिवसांचा लेप

मालनची घागर आनंदीबाईने नळाखालून पायाने लोटली, तेव्हा मी तिच्या मागेच उभी होते. घागर घरंगळत गटारापर्यंत गेली. लालबागच्या आमच्या चाळीतली एकही बाई ती उचलायला वाकली नाही. मीही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी शहाणपण शिकवायला लागले तर ते तुम्ही कानाआड कराल.

आनंदीबाई गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यावर नायकीण होती. बायकांना कामावर घ्यायचं की हाकलायचं ते तिच्या हातात, म्हणून चाळीतही तिचाच शब्द चाले. मालन तिच्याच खात्यात कामाला, मालवणकडची, हाताने चलाख आणि तोंडाने फटकळ. भादव्यात मालनच्या मनगटावर तांबडा चट्टा उठला. कडेने खवले, मधे कोरडा. आनंदीबाईच्या भाचीला गिरणीत जागा हवीच होती. तिने एकदा तो हात पाहिला आणि भर खात्यात सांगितलं, ही रक्तपिती आहे. मालन घरी बसली, तिच्या जागी भाची उभी राहिली, आणि संध्याकाळी घागर गटारात गेली. पुन्हा नळाला हात लावलास तर माटुंग्याला महारोग्यांत नेऊन टाकायला लावीन, असंही तिने वर बजावलं.

तेव्हापासून मालन चिंचपोकळीकडच्या विहिरीवर जाई, तेही सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर. नवरा गुणाजी तिच्या हातचं खाईना, खाणावळीत जेवू लागला. औषधासाठी ती पायी गिरगावात एका वैद्याकडे गेली. त्याने तिला ओटीवर चढू न देता गंधकाची पुडी फेकली. त्याने चट्टा निवला नाही. मग कुणी बिब्बा लाव म्हणालं. बिब्ब्याने कातडी उतली आणि एकाचे दोन चट्टे झाले. जो तो दुरून औषध सांगत होता, हात धरून पाहायला कुणी तयार नव्हतं.

तो धरला वरळीच्या रखमा कोळणीने. मासळीची पाटी खाली ठेवून तिने मालनला उन्हात ओढलं आणि चट्ट्याला करकचून चिमटा काढला. मालन कळवळली.

"लागतंय ना? मंग यो नायटा हाय गो," रखमा म्हणाली. "रक्तपितीला चिमटा कलत नाय."

औषध म्हणजे टाकळ्याचं बी. पावसाळ्यात आम्ही टाकळ्याची भाजी खातो आणि नंतर त्याच झाडावर पाय देऊन चालतो. दसऱ्याला शेंगा वाळल्या, तेव्हा मालनने रुळांच्या कडेने बी गोळा केलं, आंबट ताकात भिजवलं, लिंबू पिळून पाट्यावर वाटलं आणि लावलं. पंधरा दिवसांत हात स्वच्छ झाला. रखमाने पैसा घेतला नाही. ज्याला गुण येईल त्याने पुढच्याला फुकट द्यायचं आणि मागेल त्याला नाही म्हणायचं नाही, एवढीच तिची अट होती. आनंदीबाई मात्र म्हणतच राहिली की रक्तपिती दबते, जात नाही. नळ बंद तो बंदच.

आणि दिवाळी तोंडावर आली असताना आनंदीबाईच्याच मानेवर चट्टा उठला. ती पदर गुंडाळून फिरू लागली. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. तिने गुपचूप रखमाला बोलावलं, तर रखमाने मालनचं दार दाखवलं. सुट्टीच्या दुपारी चाळ निजलेली पाहून ती मालनकडे गेली. मालन नाही म्हणाली नाही. सकाळी नळावर या, औषध तिथेच मिळेल, असं म्हणाली. ही अट रखमाची नव्हती.

सकाळी आम्ही सगळ्या घागरी घेऊन उभ्या होतो.

"नायकीणबाय, पदर काडा," मालन म्हणाली. "आता ह्या काय आसा ता सगळ्यांका सांगा. रक्तपिती आसात तर माटुंग्याक जावा. नायटो आसात तर माजोय नायटोच होतो."

आनंदीबाई काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यान."

"नायटा आहे."

"आणि माजो?"

"तुझाही नायटाच होता," आनंदीबाई म्हणाली.

मालनने दोन नखांत तिचा चट्टा धरला आणि असा पिरगाळला की नायकीण मटकन खाली बसली. लागलं म्हणजे रक्तपिती नव्हे, असं मालनने आम्हाला समजावून सांगितलं. मग सगळ्यांच्या पुढे जाऊन तिने आपली घागर भरली. मी माझी बाजूला सरकवली. खोटं उघडं पडल्यावर नायकीण करते काय, तिने त्याच आठवड्यात मालनला परत कामावर घेतलं.

लेप सुरू झाला. रोज गिरणी सुटली की आनंदीबाई मालनच्या दारात जमिनीवर बसे, मान उघडी टाकून. येणारेजाणारे बघत जात. मालन लिंबू सढळ हाताने पिळी. मधेच सोडलंत तर तोंडावर उठेल, अशी तिने धमकी घालून ठेवली होती, त्यामुळे मान साफ झाली तरी नायकीण येतच राहिली. मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मार्गशीर्षात एका संध्याकाळी रखमा आली. आनंदीबाई लेप लावून घेऊन नुकतीच गेली होती. रखमाने वाटी हुंगली.

"ह्यात टाकल्याचं बी कुठंय? नुसतं ताक हाय."

"नायटो पंदराव्या दिसाक गेलो," मालन म्हणाली. "मी बेचाळीस दिस त्या इहिरीवरसून पानी हाडलंय. आज तिचे बेचाळीस झाले."

रखमा पाटी उचलून निघून गेली. मालनने वाटी माझ्यापुढे धरली.

"काशे, ही धुवन हाड."

वाटी धुवायला नळावर जावं लागणार होतं आणि तिथे सगळ्या जमल्या होत्या. मी निमूट घेतली आणि गेले.