दर तिसऱ्या बुधवारच्या उलट्या

शाळेत तिला सगळे हजेरीबाई म्हणत. बावीस वर्षं ती ऑफिसातल्या एकाच टेबलाशी बसत होती. वर्गात शिक्षक फक्त हजर की गैरहजर एवढंच मांडायचे. पोरगं का आलं नाही, ते कुठल्या रकान्यात घालायचं, हे ठरवायची ती. तापाचा रकाना वेगळा, दातदुखीचा वेगळा, उलट्यांचा वेगळा. सकाळी पालकांचे फोन सुरू झाले की कोणाला खरंच ताप आहे आणि कोणाला गणिताची चाचणी आहे, हे तिला आवाजावरून कळायचं. "घसा बसलाय म्हणता? मग मागे गातंय कोण?" असं तिने एका बापाला विचारलं होतं. ते पोर अर्ध्या तासात वर्गात हजर!

उलट्यांच्या बाबतीत मात्र तिचं काही चालत नसे. शाळेचा नियमच होता की उलट्या झालेल्या मुलाने दोन दिवस शाळेत पाऊल ठेवायचं नाही, नाहीतर वर्गभर लागण होते. म्हणजे एका फोनवर दोन दिवस सुट्टी, आणि डॉक्टरचा कागदही नको.

सहावीतल्या एका मुलीच्या वडिलांना हा नियम भलताच मानवला होता. बुधवारी सकाळी साडेसातला फोन यायचा. "बाई, उलट्या चालू आहेत. आज-उद्या पाठवत नाही." माणूस अदबीने बोलायचा, म्हणून सुरुवातीला संशय आला नाही. मग एक दिवस तिने सगळ्या वर्षाची पानं उलटून पाहिली आणि कपाळाला हात लावला. दर तिसऱ्या आठवड्यात, बुधवार आणि गुरुवार. या पोरीचं पोट कॅलेंडर बघून बिघडत होतं! शिवाय तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला वर्षभरात साधी मळमळसुद्धा झाली नव्हती. कसली लागण आणि कसलं काय!

लबाडी पकडली की माणसाला आनंद होतो, तो तिलाही झाला. तिने ताबडतोब पत्र धाडलं. यापुढे डॉक्टरच्या दाखल्याशिवाय आजारपण धरलं जाणार नाही, आणि आणखी चार दिवस बुडाले तर मुलीला सहावीतच बसावं लागेल. खाली मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकेची सही घेतली. त्यांनी न वाचताच केली. हजेरीबाईच्या शब्दावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

पुढच्या तिसऱ्या बुधवारी फोन आला नाही. पहिला तास संपला, सहावीच्या हजेरीचा कागद आला. मुलगी हजर. "आलं ना पोट ताळ्यावर!" असं ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने चहाचा घोट घेतला.

तेवढ्यात तीच मुलगी दारात उभी राहिली. दोन वेण्या, एक घट्ट आणि एक सैल. हातात घडी घातलेला कागद.

"बाई, तुम्ही दाखला मागितला होता."

"आज तर तू आलीस. आता कशाला दाखला?"

"मागच्या दिवसांचा. बाबा म्हणाले, देऊन ये. घरात हाच एक आहे."

तिने कागद उघडला. शिक्का खरा, सही खरी. रुग्णाचं वय एक्केचाळीस. दर तीन आठवड्यांनी मंगळवारी केमो. तिने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा तेच वाचलं.

"हा तुझ्या आईचा आहे."

"हो. उलट्या तिलाच होतात ना. मंगळवारी औषध चढवतात, मग दोन दिवस थांबतच नाहीत. बाबांना कारखान्यात सुट्टी मिळत नाही. मी घमेलं धरते, पाठ चोळते. फरशी पुसते."

"मग तुझे बाबा खोटं का बोलले?"

मुलगी जरा बिचकली. "आईच्या आजाराचा रकाना नाही ना तुमच्याकडे. पहिल्यांदा त्यांनी खरं सांगायला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, मुलीला काय होतंय तेवढं बोला, मागे दहा फोन आहेत."

हजेरीबाईला तो फोन आठवला नाही. रोज ती तसं दहा जणांना म्हणायची. तिला इतकी लाज वाटली की पोरीकडे बघवेना.

"आज घरी कोण आहे?"

"कोणी नाही. आई म्हणाली, तुझं वर्ष बुडायला नको, मी एकटी करते." एवढा वेळ नीट बोललेली मुलगी आता खालच्या ओठाला दात लावून उभी राहिली. "सकाळी निघाले तेव्हा ती न्हाणीघरात खालीच बसली होती."

हजेरीबाई उठली. मोठ्या बाईंच्या खोलीत तडक शिरली, कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "यातली चूक माझी आहे. ती नंतर बोलू, आधी पोरीला घरी सोडायच्या चिठ्ठीवर सही करा." पहिल्या तासाला हजेरी लागलेलं मूल मोठ्या बाईंच्या सहीने घरी गेलं, तर त्याचा दिवस पूर्ण भरतो. हा नियम तिला पाठ होता. चक्कर येणाऱ्या मुलांसाठी ती तो नेहमी वापरायची. मोठ्या बाईंनी या वेळी कागद पूर्ण वाचला. मग चिठ्ठीवर सही केली.

"दर वेळी सकाळी यायचं," तिने मुलीला सांगितलं, "हजेरी द्यायची आणि घरी जायचं. एक दिवसही बुडणार नाही."

"पण आई रागावेल. म्हणेल, पळून आलीस."

"थांब, मीच बोलते तिच्याशी."

तिने घरचा नंबर फिरवला. खूप वेळ वाजत राहिला. मग कोणीतरी उचलला. आधी नुसता धापा टाकल्याचा आवाज आला, मग बारीक आवाजात प्रश्न.

"शाळेतून का? पोचली ना ती?"

"पोचली. हजेरी लागली. तिचं वर्ष कुठेही जात नाही, मी सांगते ना. आता घरी पाठवू का?"

पलीकडे पुन्हा धापा टाकल्याचा आवाज आला.

"बाई," मुलीची आई म्हणाली, "लवकर पाठवा."