आडवा आलेला एल्क

"एल्क आडवा आला," आल्गोट म्हणाला.

शेडमधल्या गाडीवरची ताडपत्री गुनिलाने एका हाताने वर धरली होती. उजवा दिवा फुटलेला, पत्रा आत गेलेला. 

सरोवराकाठच्या रस्त्यावर टिल्डा नावाच्या शाळकरी मुलीला सायकलसकट उडवून कुणीतरी पसार झालं होतं; ती वाचली नव्हती. चरात सापडलेल्या काचांवरून गाडीची जात कळली. गावात तशा गाड्या मोजक्याच. गुनिला दारोदार फिरत होती. हे दार तिने मुद्दामच शेवटी ठेवलं होतं.

आल्गोट तिचा निवृत्त साहेब. तपास पथकात ती नवी असताना तिला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. यानेच तिला शेजारी बसवलं, प्रश्न कसा विचारायचा ते शिकवलं, आणि विचारून झाल्यावर गप्प कसं राहायचं तेही.

"एल्कसारखं धिप्पाड हरीण धडकलं तर पोलिसांना कळवायचं असतं," ती म्हणाली. "तू कळवलं नाहीस."

"राहून गेलं."

"तुझं?"

आणि ती गप्प राहिली. आल्गोटने तिच्याकडे एकवार पाहिलं, मागचं दार उघडलं आणि उतारावरून सरळ गोठलेल्या सरोवरावर चालू लागला. एप्रिल उजाडल्यापासून त्या पातळ होत चाललेल्या बर्फावर गावातलं कुत्रंही पाऊल टाकत नव्हतं.

फोन तिच्या गाडीत होता. तो आणेपर्यंत उशीर झाला असता. ती त्याच्यामागे निघाली. पायाखालून कण्हल्यासारखा आवाज आला, बुटांत पाणी शिरलं.

"परत जा, गुनिला," तो मागे न बघता म्हणाला. "माझ्यापेक्षा तू जड आहेस."

"मग थांब. नाहीतर दोघंही जाऊ."

तो थांबला.

"उतरून पाहिलंस तिला?" तिने विचारलं.

त्याने पायाखालच्या बर्फाकडे पाहिलं. मग म्हणाला, "श्वास चालू होता."

त्या क्षणी तिला वाटलं, जाऊ दे याला पुढे. बर्फ पुन्हा करकरला. तिने हात पुढे केला.

"हे मला एकटीला ऐकवून सुटू नकोस. चल."

पोलीस ठाण्यात बाकावर टिल्डाचे वडील, बेंग्ट, बसले होते. काही कळलं का, हे विचारायला ते रोज येत. आल्गोटला पाहताच ते उठले. मागे त्यांच्या सुतारखान्यात चोरी झाली तेव्हा चोर यानेच पकडला होता.

"तुला परत बोलावलं वाटतं," ते म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात धुगधुगी होती. "बरं झालं. तू काढशील शोधून." आणि त्यांनी हात पुढे केला.

मध्ये पडावं असं गुनिलाला वाटलं. ती पडली नाही.

आल्गोटने डोक्यावरची टोपी काढली. त्याच्या बुटांतलं पाणी फरशीवर पसरत होतं.

"सापडला तो, बेंग्ट," तो म्हणाला.

बेंग्टचा हात अजून पुढेच होता.