मुकादमाचा सोनू केला

मुकादम दिसायला मुळीच धड नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. एक कान तुटका, एका डोळ्यात फूल पडलेलं, पाठीवर भाजल्याचा डाग. पिल्लू असताना तापलेल्या इस्त्रीखाली स्वतःच्या पायांनी जाऊन बसला होता, एवढी अक्कल! रंग म्हणाल तर धुऊन धुऊन विटलेल्या काळ्या पँटचा. लाँड्रीच्या टेबलाखाली पोत्यावर पडून असायचा आणि आलेलं प्रत्येक गाठोडं हुंगल्याशिवाय आत जाऊ द्यायचा नाही, म्हणून मुकादम. नवरा गेल्यापासून लाँड्रीवाल्या बाईंना दिवसभर बोलायला तेवढाच होता. गिऱ्हाइकं बोलायची ती डागांबद्दल.

आणि तो चावला. चावलाच, त्यात खोटं काही नाही. पाण्याचे जार पोचवणारा दुकानात आला, भरलेला जार दाणकन खाली ठेवला, तो नेमका मुकादमाच्या शेपटीवर. मुकादमाने त्याची पोटरी धरली. जारवाला ओरडला, मुकादम त्याच्याहून मोठ्याने ओरडला, आणि बाईंनी दोघांनाही शिव्या घातल्या. मग स्वतःच त्याची जखम साबणाने धुऊन दिली. जारवाला म्हणाला, "जाऊ द्या बाई, चूक माझीच." विषय तिथेच संपायचा. पण इंजेक्शन घ्यायला गेला तर दवाखान्यात विचारलं, कुठला कुत्रा? त्याने सरळ मनाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी कोंडवाड्याची गाडी दारात, मुकादमाला घेऊन गेली. चावलेला कुत्रा कोंडवाड्यात ठेवायचा, रोगाची लक्षणं दिसतात का ते बघायचं आणि नंतर सुई टोचून संपवायचा, असा तिथला कायदा. लक्षणं दिसली नाहीत तरी सुई ठरलेलीच.

बाईंनी जेवण सोडलं. भाचीला फोन लावला. भाची जाहिरातीच्या ऑफिसात कामाला, पोरगी हुशार, मावशीवर जीव टाकणारी. लगेच धावत आली.

"मावशी, तू रडू नकोस. सह्या गोळा करू. लोकांनी गळ घातली की साहेब सोडतात, मी पाहिलंय. फोटो दे."

बाईंनी फोटो दिला. भाचीने तो बघितला, पुन्हा बघितला आणि तोंड कसनुसं केलं.

"राग मानू नकोस, पण ह्या थोबाडावर दहा सह्यासुद्धा मिळणार नाहीत. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा कुत्रा आहे, त्याचा लावूया. लोकांना गोड डोळे लागतात गं."

"अगं पण तो हा नव्हे ना."

"कुत्रा तो कुत्रा. तुला मुकादम जिवंत हवाय ना?"

जिवंत तर हवाच होता. बाईंनी मान डोलावली. मग नाव बदललं. मुकादम म्हटल्यावर कुणाला माया येणार, म्हणून सोनू. बारा वर्षांचा म्हातारा दोन वर्षांचा झाला. बाईंनी एकदा धीर करून म्हटलं, "निदान शेपटीवर जार ठेवला, हे तरी खरं लिही." तर भाची म्हणाली, "म्हणजे चावला हे आपणच कबूल करायचं? वेडी आहेस का?" आणि तिने लिहिलं की सोनूने आजवर कुणाला ओरखडासुद्धा काढलेला नाही, त्याच्यावर आळ आलाय. जारवाल्याला विचारावं, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

सह्यांचा पाऊस पडला. जिथे नकाशावर बोट ठेवता येणार नाही तिथून सह्या आल्या. सोनूसाठी कुणी गाणं रचलं, कुणी त्याचं चित्र काढलं. जारवाल्याला लोक राक्षस म्हणाले. चौकात फलक घेऊन मुलं उभी राहिली. त्यांतली दोघं बाईंची रोजची गिऱ्हाइकं, आणि मुकादमाला दुकानाच्या पायरीवरून बुटाने ढकलणारी. बाईंना ते बघून हसू आलं आणि हसण्याची लाजही वाटली. पण मनात म्हणाल्या, काय वाट्टेल ते करा बाबांनो, माझा मुकादम घरी येऊ दे.

आणि हुकूम निघाला! सोनूला सोडा. भाचीने फोनवर किंकाळीच मारली. बाईंनी दुकानाला कुलूप लावलं, पोतं झटकून उन्हात टाकलं, मुकादमाची दोरी घेतली आणि धापा टाकत कोंडवाडा गाठला.

तिथला कारकून माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्याने बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, हुकूम दोनदा वाचला आणि त्यांना पिंजऱ्यापाशी नेलं. मुकादमाने बाईंना बघितलं आणि अख्खं अंग हलवायला लागला. गजांतून नाक बाहेर काढून त्यांचा पदर हुंगला.

"हा तो नव्हे," कारकून म्हणाला.

"हाच तो. बघा की कसा करतोय."

"बाई, हुकुमाला फोटो जोडलाय. सोनेरी रंग, दोन्ही कान, वय दोन वर्षं. हा सोनू आहे का?"

"तो... ते आम्ही फोटो बदलला होता साहेब. चांगला दिसावा म्हणून."

"म्हणजे अर्ज खोटा होता? तसं असेल तर हुकूमच रद्द होतो. हे मी ऐकलंच नाही, असं समजा." त्याने खरोखरच आवाज खाली आणला. "असं करा, ओळख पटवणारं कुणीतरी आणा. तुमच्या घरचं नको, परकं. आज संध्याकाळपर्यंत. उद्या सुईवाले येतायत."

बाईंनी भाचीला फोन केला. भाची म्हणाली, "मावशी, फोटोबद्दल तोंडातून चकार शब्द काढू नकोस. एवढ्या लोकांनी सह्या केल्यात. मी तोंड कुठे लपवू?" फोन ठेवला बाईंनी. परकं माणूस कोण? मुकादमाला नीट ओळखणारा परका माणूस अख्ख्या शहरात एकच होता.

जारवाला घरीच होता, पोटरीला पट्टी बांधून. लोकांच्या शिव्यांपायी त्याची निम्मी घरं सुटली होती. बाईंना वाटलं, दार तोंडावर आपटेल. त्याने सगळं ऐकलं आणि चपला शोधायला लागला.

"मला कुणी विचारलंच नाही हो," जिना उतरताना तो म्हणाला. "मी पहिली सही केली असती."

लंगडत लंगडत तो पिंजऱ्यापर्यंत आला. मुकादमाने त्याला ओळखलं आणि होता तो कान पाडला.

"हाच," जारवाला छाती ठोकून म्हणाला. "शपथेवर सांगतो. लाँड्रीवाल्या बाईंचा हाच कुत्रा. हाच मला चावला."

कारकुनाने लेखणी खाली ठेवली.

"अहो, तुम्ही काय बोललात कळतंय का? हुकूम कधीच न चावलेल्या कुत्र्याला सोडायचा आहे. आणि हा चावलेला कुत्रा आहे, हे तुम्ही आत्ता माझ्यासमोर सांगितलंत."

जारवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. "पण मी माफ केलंय त्याला! तेही लिहा की!"

"त्याला रकाना नाही," कारकून म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणे. असेल. मुकादमाला त्याचा काय उपयोग? बाईंनी कारकुनाचे पाय धरले, जारवाल्याने हात जोडले. उपयोग झाला नाही. बाईंना अंधार पडेपर्यंत पिंजऱ्यापाशी बसू दिलं, एवढी मेहेरबानी झाली.

दोन दिवसांनी त्यांनी दुकान उघडलं. उघडतात तोच चौकातली फलकवाली दोन मुलं हजर, हातात फुलं. भाचीने मैत्रिणीच्या कुत्र्याच्या गळ्यात हार घालून 'सोनू घरी आला' असा फोटो जगभर लावला होता. खोटं उघडं पडू नये म्हणून, दुसरं काय करणार बिचारी! तिनेही रडून घेतलं असेल, पण फोटो काढून झाल्यावर.

"अभिनंदन, बाई! कुठाय आपला सोनू? एक फोटो काढू द्या ना त्याच्याबरोबर."

बाईंनी इस्त्री उभी केली. टेबलाखालचं पोतं पायाने आत सरकवलं.

"सोनू मजेत आहे," त्या म्हणाल्या. "त्याला कुणी धरलंच नव्हतं कधी. धरला होता तो दुसरा, तुम्ही पायरीवरून ढकलायचात तो. त्याच्यासाठी सही करणारा एकच निघाला असता, आणि त्याला तुम्ही राक्षस म्हणालात."

फुलं कुठे ठेवावीत ते मुलांना कळेना.

"शर्ट तयार आहेत तुमचे," बाई म्हणाल्या. "घेऊन जा. आणि पुन्हा माझ्या दुकानात येऊ नका."