इमामसाहेबांना फुटलेलं हसू

“इमामसाहेब, नमाज पढताना तुम्हाला कधी हसू फुटलंय का?”

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. हरले असते, तर आठवडाभर सगळ्यांच्या भूमितीच्या वह्या माझ्या गळ्यात. एरवी वर्गात माझी दातखीळ बसायची, पण हल्ली मला वाचा फुटली आहे. मी सरळ उभी राहिले.

शनिवारी दुपारी मशिदीच्या वरच्या खोलीत आम्हा अकरा मुलींचा प्रश्नांचा तास असतो. इमामसाहेब काहीही विचारू देतात, आणि प्रत्येक उत्तराची सुरुवात “यात तीन मतं आहेत” अशी करतात. त्यामुळे आम्ही त्यांना आपापसांत तीनमते म्हणतो.

नेमका त्याच वेळी भाईजान दारात उभा होता. तो तास बंद पाडायलाच आला होता. सहा महिन्यांपासून तो फोनवर एका प्रवचनकाराला ऐकतो. त्याला मी गर्जनासाहेब म्हणते. गर्जनासाहेबांचं प्रत्येक गोष्टीवर एकच मत, आणि तेही ओरडून. अब्बा कवळ्या बनवतात, घरात टेबलभर प्लास्टरचे जबडे. भाईजानने त्या मूर्ती ठरवून सगळ्यांवर रुमाल टाकले. तेव्हापासून अब्बा कुणाचा जबडा कुणाला देतात याचा भरवसा नाही.

इथवर हसण्यावारी नेलं होतं. पण सोमवारी तो कॉलेज सोडून गर्जनासाहेबांच्या शिबिराला निघणार होता. तिथे घरच्यांशी बोलायचं नाही, आणि परत कधी यायचं ते शिबीरच ठरवणार. अम्मी त्याच्या भरलेल्या बॅगेतून रोज एक मोजा धुवायला काढायची. तिला दुसरा उपाय सुचत नव्हता.

माझा प्रश्न ऐकून भाईजानने कपाळाला आठ्या घातल्या. इमामसाहेबांनी मात्र दाढी खाजवली आणि म्हणाले, “फुटलंय.”

त्यांच्या तरुणपणी शेजारच्या आजोबांनी इतक्या मनापासून आमीन म्हटलं, की त्यांची कवळी सुटली, सतरंजीवरून घसरत आली आणि इमामसाहेब जिथे कपाळ टेकणार तिथेच येऊन थांबली. सजद्यात गेले तर समोर बत्तिशी. ते खो खो हसले. नमाज मोडली. वुजूही, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुऊन केलेली शुद्धी, मोडला का, यात अर्थातच एकाहून अधिक मतं. ते पुन्हा हातपाय धुऊन आले, तर आजोबाही नळावर उभे. तेही हसले होते, आणि शिवाय कवळी धुवायची होती.

आम्ही अकराजणी एकमेकींच्या अंगावर पडलो. आणि दारातून फुर्रर्र असा आवाज आला. भाईजान हसला होता. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

तो लगेच ओशाळला, आणि ओशाळला की त्याला राग येतो. “थांबा, खऱ्या आलिमांना, धर्म जाणणाऱ्यांना विचारतो,” म्हणत त्याने सगळा किस्सा गर्जनासाहेबांच्या फोनवरच्या गटात टाकला. मिनिटभरात उत्तर आलं. ते त्याने ताठ मानेने मोठ्यांदा वाचायला घेतलं: “असा माणूस धर्माबाहेर गेला. त्याच्या गोष्टीवर जो हसला, तोही...”

तो थांबला.

“वाच ना,” मी म्हणाले. “तोही काय?”

इमामसाहेब शांतपणे म्हणाले, “घाबरू नकोस. तुझ्याबाबतीत तीन मतं आहेत.”

भाईजान हसला नाही. त्याने खाली मान घालून फोनवर दोनच शब्द लिहिले: पण का? आम्ही सगळ्या त्याच्या खांद्यावरून डोकावत होतो, त्याने हाकललंही नाही. उत्तर आलंच नाही. त्याला गटातून काढून टाकलं होतं.

तो जिन्यात जाऊन बसला. मला टोमणा मारायचा होता, तयारही होता, पण त्याचे कान लाल झालेले पाहून गिळला. इमामसाहेब गुडघे धरत त्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “आता मला विचार. का, ते.”

दोघं तासभर भांडले. भाईजानचा आवाज चढायचा, इमामसाहेबांचा जागचा हलायचा नाही. निघताना भाईजान म्हणाला, तुमचं मला अजून पटलेलं नाही. इमामसाहेब म्हणाले, मग उद्या ये.

घरी आल्यावर त्याने बॅग रिकामी केली. त्यात सात मोजे निघाले, एकाचीही जोडी नाही. अम्मी दाराआड उभी राहून डोळे पुसत होती.

मी मागची सगळी हकिगत सांगितली आणि त्याच दमात अब्बांना म्हणाले, “दहावी झाली की तुम्ही ठरवलंय तशी मी दातांची डॉक्टर होणार नाही.”

अब्बांच्या हातातली कानस थांबली. अम्मी म्हणाली, आता हिचं काय नवीन.

“मी धर्मशास्त्र शिकणार. सगळी मतं, सगळ्यांची. आलिमा होणार आणि माझ्या तासाला मुलगेसुद्धा येऊन बसणार. आणि हे मी विचारत नाहीये, सांगतेय.”