पहिला दिवेवाला

"हा दिवेवाला नक्की का हो?" दफनभूमीतल्या एका कोऱ्या दगडापुढे नगरपालिकेच्या बाईंनी पेन थांबवून विचारलं.

"नक्की म्हणजे काय! शहरातला पहिला दिवा यानेच लावला. बायको अशी कजाग, की रोज संध्याकाळी घराबाहेर पडायला कारण हवंच होतं बिचाऱ्याला."

बाई खळखळून हसल्या आणि त्यांनी जपायच्या थडग्यांच्या यादीत लिहून घेतलं. पहिला डॉक्टर, पहिली सुईण, पहिले मास्तर, त्यांच्याखाली पहिला दिवेवाला. पहिले तिघे खरे. चौथा माझा. त्या कोऱ्या दगडाखाली कुणी नाहीच. एका पाथरवटाने फुकट गेला म्हणून टाकलेला दगड मी एका रिकाम्या खड्ड्यापुढे उभा केला, वर फरशी टाकली आणि आत फावडी-कुदळी ठेवतो. जुनी थडगी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना हसवायला दिवेवाला जन्माला घातला. वीस वर्षं झाली.

ही मागच्या वर्षीची गोष्ट. परवा बाई परत आल्या, त्या चुना घेऊन. रस्ता रुंद होणार, भिंतीकडची रांग जाणार. यादीतली थडगी तेवढी राहणार. आठ दिवसांत नातेवाइकांनी आपलं माणूस न्यायचं, नाहीतर सगळे गावाबाहेर एकाच खड्ड्यात.

भिंतीकडे माझा बाप आहे. चाळीस वर्षं इथे खणलं त्याने. माती लोटून झाली की फावड्याच्या पाठीने तीनदा थोपटायचा आणि म्हणायचा, "झोपा आता, मी आहे."

"बाई, यादीत माझ्या बापाला घ्या. दिवेवाला खोटा आहे. त्याच्याखाली माझी फावडी आहेत, शपथ!"

"तुम्ही ना!" बाई पोट धरून हसल्या. "मागे घोड्यांचा दंतवैद्यही होता तुमच्याकडे."

"अहो, आत्ता खरं बोलतोय."

"यादी छापून झाली, काका."

एवढं बोलून त्यांनी बापाच्या दगडावर चुन्याने सतरा आकडा टाकला.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "हसवा आता जगाला!"  मग तिनेच कपाटातली धुतलेली चादर काढून हातात दिली.

सकाळी फाटक उघडायच्या आधी आम्ही दोघांनी दिवेवाल्याच्या खड्ड्यातून फावडी बाहेर काढली. भिंतीकडून काढलेला बाप चादरीत मावला. उरलासुरला केवढासा! उचलताना वजनच लागेना. त्याला दिवेवाल्याच्या जागी ठेवून खड्डा भरला. फावड्याच्या पाठीने तीनदा थोपटलं.  पुढचं वाक्य बायकोने म्हटलं.

दहा वाजता पाहुणे आले. डॉक्टर झाले, सुईण झाली, मास्तर झाले. दिवेवाल्याच्या दगडावर नगरपालिकेने लावलेल्या नव्या पाटीपाशी, नेहमी येणारे एक आजोबा बाकीच्यांना कोपराने ढोसत म्हणाले, "आता ऐका हं, या दिवेवाल्याच्या बायकोची गंमत आहे! सांगा हो, कशी होती?"

मी टोपी काढून हातात घेतली.

"फार गुणाची होती," मी म्हटलं.