बादलीतलं पाणी

उषाबाईनं बद्रीनाथचा शर्ट तिसऱ्यांदा पिळला आणि बादलीत वाकून पाहिलं. पाणी स्वच्छ. आज सलग नववा दिवस. नवरा जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये राबतो, आणि त्याच्या शर्टाच्या पाण्याला साधी काळी झाक नाही!

एरवी तिचं लक्षही गेलं नसतं. पण अंबडच्या वाचनालयातून आणलेल्या स्वीडनच्या त्या खुनाच्या कादंबरीनं सगळा घोळ केला होता. मराठीत आणलेली, चांगली पाचशे पानांची. लेखक असा बारीक नजरेचा, की कुणाच्या कपात किती कॉफी उरली तेही सांगायचा. त्यातली एक बाई नवऱ्याचे बूट हातात घेते. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि बूट कोरडे ठाक! मग हा गेला होता कुठं? तिथंच उषाबाईनं पान मुडपलं होतं. पुढं वाचायची छाती होईना. कादंबरीतलं तळ्यात सापडलेलं प्रेत आणि आपला बद्रीनाथ, दोघंही तिच्या डोक्यात एकत्र नांदायला लागले होते.

'बाईची भानगड असंल,' एक मन म्हणायचं. 'ह्या माणसाला धड भेंडी निवडून आणता येत न्हाई, तो बाई कुठली आणतो!' दुसरं म्हणायचं.

संध्याकाळी ताट वाढता वाढता तिनं विचारलंच.

"मिलात काम कमी हाय का हो सध्या?"

"कमी? ओव्हरटाइम करून राह्यलो. का गं?"

"न्हाई, शर्ट मळंना तुमचा, म्हणून."

बद्रीनाथचा घास हातातच राहिला. मग तो शर्टाची बाही उलटीपालटी करून बघायला लागला.

दोन दिवसांनी पाणी काळंशार निघालं. उषाबाईला इतकं हायसं वाटलं, की धुणं तसंच टाकून ती देवापुढं साखर ठेवून आली. परत येऊन बघते तर सगळं काळं वर तरंगत होतं. बारा वर्षं ती हे शर्ट धूत होती. लोखंडाची भुकटी बुडाला बसते, हे तिला कुण्या कादंबरीवाल्यानं सांगायची गरज नव्हती. तिनं चुलीवरचं, अंघोळीचं पाणी तापवायचं पातेलं उलटं केलं. बुडाच्या काजळीत चार बोटांचे ओरखडे होते.

बाईकडं जाणारा माणूस अंगाला काजळी फासून घेत नाही. तिला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन उंबऱ्यात बूट घालत होता.

"अहो, मिल कधी बंद पडली?"

बुटाची नाडी त्याच्या हातातून सुटली.

"बारा-तेरा रोज झाले," तो वर न बघता म्हणाला. "समद्यांलाच घरी बसवलं. सांगीन सांगीन म्हणलं, पण तोंडच उघडंना."

"मंग दिवसभर कुठं राहता?"

"जालन्याला स्टेशनवर. गाड्या बघत बसतो. डबा तिथंच खातो."

उषाबाईनं त्याच्या हातातला डबा काढून घेतला. फळीवरची कादंबरी आणून त्याच्या मांडीवर ठेवली.

"काम मिळंस्तोर घरी बसून हे वाचा. मुडपलेल्या पानापुढं माझी हिंमत होत न्हाई. त्या बाईचा नवरा बिचारा निघाला, तरच मला सांगा."