दाराला कडुलिंब

नात्यातल्या मिराबाईंनी झोपलेल्या प्रतिक्षाचा गाल चिमटीत धरून हलवला.

"ए पोरी, उठ की. आखाडा बाळापूरहून उन्हातान्हाची आले मी."

प्रतिक्षा दचकली, मांडीतून कळ गेली आणि तोंडून "आई गं" निघालं. पंधरा वर्षांची पोर. खो-खो खेळताना खांबावर आदळून मांडीचं हाड मोडलेलं, नांदेडला ऑपरेशन होऊन आत रॉड बसलेला. मिराबाईंनी उशाशी बिस्किटांचा पुडा ठेवला आणि मोठ्या मायेनं सांगितलं,

"माझ्या भाच्याला बी असाच रॉड टाकलाय. थंडीत आतून वाजतो म्हणं."

चुलीपाशी उभ्या असलेल्या साधनानं, म्हणजे प्रतिक्षाच्या आईनं, दातओठ खाल्ले आणि चहात साखर घातली. दुसरं करणार काय? आजाऱ्याला भेटणं हे डोंगरकडा गावात पुण्याचं काम, आणि चार शब्द बोलल्याशिवाय ते पुण्य काही पदरात पडत नाही. झोपलेल्याशी बोलायचं कसं? म्हणून आधी उठवायचं. सकाळी माहेरचे, दुपारी सासरचे, मधल्या वेळात गल्ली. "आत्ता नको" म्हणायची साधनाची छाती होत नव्हती. एकदा कुणाचं तोंड वाकडं झालं की पुढच्या प्रत्येक लग्नात त्याचा हिशेब होतो.

सुटी देताना डॉक्टरीणबाईंनी तर बजावून सांगितलं होतं, "गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि झोपही चुकवायची नाही. या वयात ऑपरेशननंतर झोप मोडत राहिली, तर जखम भरते, पण दुखणं मागं राहून जायची भीती वाढते." साधनाला ते वाक्य काट्यासारखं टोचत होतं. दुखणं मागं राहिलं तर खो-खो गेला, आणि खो-खोबरोबर तिचं हसरं लेकरूही गेलं. पोरगी आत्ताच सगळ्यांवर फिस्कारायला लागली होती.

त्या दिवशी बालाजीनं, प्रतिक्षाच्या बापानं, शेतातून कडुलिंबाचे डहाळे आणले. गव्हाच्या कोठीत पाला घालायचा होता. मोळी दाराच्या चौकटीला टेकवून तो गेला निघून. थोड्या वेळानं गल्लीत चपला वाजल्या. साधनानं निमूटपणे चहाचं आधण ठेवलं. चपला दाराशी थांबल्या, काहीतरी कुजबूज झाली आणि चपला माघारी निघाल्या.

साधना बाहेर आली. पलीकडच्या गल्लीतली शितल आणि तिची सासू हात जोडून मागं मागं सरकत होत्या.

"न्हाई बाई, आत न्हाई येत आमी," सासू दबक्या आवाजात म्हणाली. "आल्या तशा जातील. लेकराला थंड खाऊ घाल."

साधनाला आधी काही उमगेना. मग नजर मोळीकडं गेली. अगं बाई! दाराला कडुलिंब म्हणजे घरात देवी आल्या, कांजण्या उठल्या. अशा घरात परका माणूस पाऊल टाकत नाही, दारात मोठ्यानं बोलत नाही. खरं काय ते सांगायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात आतून बारीक आवाज आला. प्रतिक्षा घोरत होती. साधनानं तोंड मिटलं.

मग तिनं मोळीतला चांगला भरगच्च डहाळा निवडला. "माय, माफ कर. मी तुझं नाव न्हाई घेतलं, लोकच घेऊन राहिले," असं देवीला मनातल्या मनात सांगितलं आणि डहाळा सुतळीनं चौकटीला बांधून टाकला.

बालाजीला हे सांगायचं राहूनच गेलं. पारावर कुणीतरी त्याला हळूच विचारलं,

"तुमच्या घरी आल्या म्हणं?"

"आल्या म्हंजे?" बालाजी करवादला. "रोजच येऊन राहिल्या! सकाळ बघत न्हाईत, संध्याकाळ बघत न्हाईत. चहाला दूध पुरंना!"

विचारणारा चार पावलं मागं सरकला. पुढचं काम गावानं केलं. गल्लीत पोरं मोटारसायकली ढकलत न्यायला लागली. एक वरात तर साधनाच्या दारावरून बँड बंद करून गेली. नवरदेव घोड्यावर ताठ बसलेला आणि सगळी वरात अशी गप्प, की साधनाला पदर तोंडात कोंबावा लागला.

प्रतिक्षा झोपली. दुपारी झोपली, रात्री झोपली. दुखायचं थांबलं असं नाही, पण ती कण्हत उठायची ती आळस देत उठायला लागली. वॉकर धरून खिडकीपर्यंत गेली. बापाचा पारावरचा पराक्रम ऐकून तर एवढी हसली की मांडी धरून खाली बसली.

साधनाला धास्ती होती ती एकट्या चंदाबाईंची. समोरच्या ओट्यावरची ही म्हातारी म्हणजे गल्लीचा डोळा. पाय ओढत चालायची, पण नजर गावभर फिरायची. हिला कळलं तर उद्या पार हट्टा गावापर्यंत बोभाटा.

उन्हानं डहाळा वाळला. सकाळी बदलायला म्हणून साधना बाहेर आली, तर चौकटीला ताजा, हिरवागार डहाळा. जुन्या लुगड्याच्या काठानं घट्ट बांधलेला. ओट्यावर चंदाबाई डाळ निवडत बसल्या होत्या.

"वाळला व्हता," त्या मान वर न करता म्हणाल्या. "लोकांनी वळखलं असतं."

साधना ओट्यापाशी गेली. "मावशी, तुमाला ठाऊक हाय?"

"देवी आलेल्या घरातून असं खो-खो हसू येतं व्हय? आन् ती तुझी मिराबाई परत येऊन राहिली व्हती. मीच पिटाळली तिला कोपऱ्यावरून."

"मंग बोलल्या न्हाईत काहून?"

चंदाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि गुडघ्यावर हात फिरवला.

"तुझ्या पोरीएवढी व्हते, तवा ह्या पायाचं आपरेशन झालं. घरात नुसती जत्रा. डोळा लागला की कुणी ना कुणी उठवायचं. जखम भरली गं. पाय अजून जागाच हाय. माझ्या दाराला कुणी डहाळा बांधला न्हाई, बाई."

साधनाचे डोळे भरून आले. ती काही बोलणार, तोच कोपऱ्यावरून तिचे चुलते व्यंकटराव केळीचा घड खांद्यावर घेऊन येताना दिसले. थेट हट्ट्याहून, आणि डोंगरकड्यासारख्या केळीच्या गावाला केळी!

चंदाबाईंनी पटकन पदर डोक्यावर घेतला, हात जोडले.

"हळू, दादा, हळू. आल्यात!"

साधनानंही हात जोडले. हसू आवरेना म्हणून मान खाली घातली. व्यंकटरावांनी टोपी काढली, घड ओट्यावर ठेवला आणि चपला हातात घेऊन, पाऊल न वाजवता ते माघारी फिरले.

"केळी ने आत," चंदाबाई म्हणाल्या. "पोरगी उठंल तवा खाईल."